नागमोडी रेघ

‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘नाश न पावणारे’ असा आहे. शब्द मोठा सुंदर आहे. परंतु वाळवीला संस्कृत येत नाही, आणि पुराच्या पाण्यालाही येत नाही. भूर्जपत्राचे तुकडे पडतात, ताडपत्राला कीड लागते, कागद पिवळा पडून नेमका घडीवर तुटतो आणि शाई ओलाव्याने पसरून शेजारच्या ओळीत जाऊन बसते. पुढे संगणक आला. त्यात लिहिलेल्या मजकुराला ना कीड, ना ओल; तेव्हा आता तरी अक्षर आपल्या नावाला जागले, असे पुष्कळांना वाटले. आमच्या मरोळच्या काकांनाही तसेच वाटले होते.

मरोळ म्हटले की आज मेट्रोची स्थानके, औद्योगिक वसाहत, काचेच्या उंच इमारती आणि रस्त्यावर खोळंबलेली वाहने डोळ्यांपुढे येतात. परंतु या गजबजाटाच्या पोटात एक जुने गावठाण आहे. अरुंद गल्ल्या, काही बैठी घरे, वळणावर उभा असलेला क्रूस आणि दारापुढच्या बाकावर बसलेली वृद्ध माणसे, असे तेथले दृश्य. येथे ईस्ट इंडियन समाजाची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. समाजाचे नाव इंग्रजी आहे खरे. पण ते १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलेले आहे. माणसे मात्र मुंबई आणि साष्टी बेटांची मूळची. शेती आणि मासेमारी यांवर जगलेली, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेली आणि घरात मराठीचीच एक गोड बोली बोलणारी.

काका याच समाजातले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम आपण होऊन अंगावर घेतले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसावे, ती बोलतील ते ऐकावे आणि घरी येऊन वहीत उतरून काढावे. अशा अकरा वह्या भरल्या. पहिल्या वहीच्या आरंभी वस्तीची हकिगत होती. शेजारच्या कोंदिविटे गावात १५७९ साली बांधलेले एक चर्च होते. १८४० मध्ये तेथे साथीचा रोग पसरला, माणसे गाव सोडून मरोळला आली आणि ते चर्च ओस पडले. त्याच्या भिंती आज सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात उभ्या आहेत. पुढच्या वह्यांत कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, कोणत्या खाचरात कोणता भात पिके, मिठी नदीत मासे कसे धरीत आणि नव्या पिकाचा आगेरा हा सण कसा साजरा होई, असे सारे होते. शेवटच्या तीन वह्या लग्नातल्या गाण्यांच्या. या समाजात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात; त्या विधीला ‘उंबराचे पाणी’ म्हणतात. त्या प्रसंगाची गाणी काकांना त्यांच्या पत्नीने सांगितली होती. काकूंइतकी गाणी गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणातून जाणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. काकांच्या घरात कमरेइतके पाणी होते आणि वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर काकूंनी एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातले. कपडे वाळत घालावेत तशी ती पाने कितीतरी दिवस ओटीवर लटकत होती. तरी काही महिन्यांनी त्यांना बुरशी लागलीच. अखेर २००८ साली, वाचता येईल तेवढे वाचून आणि जे वाचता येईना ते काकूंनी तोंडाने सांगून, हा सगळा मजकूर टंकलेखनाच्या एका दुकानात संगणकावर उतरवून घेण्यात आला. पुस्तक छापावयाचे होते, पण पैशांची सोय होईना. कुजलेल्या वह्या टाकून द्याव्या लागल्या. मजकुराची फाईल बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये घालून काकांनी तो एका पत्र्याच्या डबीत, जपमाळेशेजारी ठेवून दिला. काही वर्षांनी काकू वारल्या.

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात काका ती डबी घेऊन माझ्याकडे आले. नातीचे लग्न जानेवारीत ठरले होते आणि विहिरीवर आजीनेच सांगितलेले गाणे म्हणावयाचे, असा तिचा हट्ट होता. मी पेनड्राइव्ह संगणकाला लावला. फाईलचे नाव दिसले. परंतु ती उघडू जाताच पडद्यावर एक चौकट आली. फाईल खराब झाली असून ती उघडता येत नाही, असे त्या चौकटीत लिहिले होते. मी ते वाचून दाखविले. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी डबीचे झाकण लावले, उघडले आणि पुन्हा लावले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सीप्झमधल्याच एका कचेरीत संगणकाचे काम करते. तिला निरोप पाठविला. रविवारी सकाळी ती आली. मी यंत्राकडे जाऊ लागताच म्हणाली, “सर, आधी प्रत. मूळ फाईलला हात लावायचा नाही. जे काही करायचे ते प्रतीवर.” वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारी ही मुलगी इतक्या अधिकाराने बोलताना पाहून मला मोठा आनंद झाला. तिने पेनड्राइव्हमधील फाईलच्या दोन प्रती काढल्या, मूळ पेनड्राइव्ह डबीत ठेवून दिला आणि मगच काम आरंभिले.

ती काम करीत असता मी शेजारी बसून विचारीत होतो आणि ती सांगत होती. ऐकून मला जे समजले ते असे. पेनड्राइव्हमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विजेचा भार साठवून मजकूर नोंदविलेला असतो. डबी नुसती कपाटात पडून राहिली, तरी वर्षानुवर्षांत हा भार थोडाथोडा झिरपून जातो. मग कोठे एक असेल तेथे शून्य वाचले जाते. न वाजता, न दिसता कीड लागावी तसे हे होते. आता आपण जिला एक फाईल म्हणतो, ती वास्तविक एक गाठोडे असते. मजकूर एका पुडीत, अक्षरांचा आकार आणि समास दुसऱ्या पुडीत, चित्रे तिसऱ्या पुडीत, असे बांधून त्याला वरून एक गाठ मारलेली असते. गणितात आपण उत्तराचा पडताळा पाहतो ना, तसा प्रत्येक पुडीबरोबर पडताळ्याचा एक आकडाही लिहिलेला असतो. पुडीतला एक कण जरी बदलला, तरी पडताळा जुळत नाही. आणि पडताळा जुळला नाही की लेखनाची आज्ञावली गाठोडे उघडण्याचेच नाकारते. म्हणजे चौकटीत आलेल्या त्या वाक्याचा अर्थ मजकूर गेला असा नव्हता. पडताळा चुकला एवढाच होता. हे ऐकून काका खुर्चीत सावरून बसले.

तिने फाईलच्या नावाची शेपटी बदलली, तिला गाठोडे म्हणूनच उघडले आणि मजकुराची पुडी तेवढी बाहेर काढली. पण तीही अखंड निघाली नाही. जागा वाचावी म्हणून मजकूर दाबून भरलेला असतो. एकदा आलेला शब्द पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘मागे अमुक अक्षरांवर पाहा’ अशी खूण केलेली असते. मध्येच एखादी खूण बिघडली, की तिच्यावर विसंबून असलेल्या पुढच्या खुणाही निरर्थक होतात. त्यामुळे मजकूर आरंभापासून आठव्या वहीच्या मध्यापर्यंत सरळ निघाला आणि तेथून पुढे नुसता चिखल. गाणी त्या चिखलापलीकडे होती.

जे निघाले होते, तेही पडद्यावर मराठीत दिसेना. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, टोप्या आणि कंस यांचा नुसता बाजार भरलेला! याचे कारण असे, की संगणकाला अक्षरे मुळीच कळत नाहीत. त्याला आकडेच कळतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे माणसांनी ठरवून द्यावयाचे. आज जगभर युनिकोड नावाची जी सामाईक यादी चालते, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. मरोळला असो की मॉरिशसला, तो २३२५ च. परंतु आपल्याकडे कितीतरी वर्षे टंकलेखनाच्या दुकानांतून निराळेच फॉन्ट वापरले जात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत, आणि तीही प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात नसला, की मागची रोमन अक्षरे उघडी पडत.

मुलीने त्या फॉन्टचा तक्ता मिळवून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. मराठी दिसू लागली, पण कशी? ‘गणित’ हा शब्द ‘गिणत’ झालेला, ‘कविता’ची ‘किवता’ झालेली आणि ‘धर्म’ तर ‘धमर्’ होऊन बसलेला! जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकली जाई. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराची गत याच्या उलट. शाळेत मी किती मुलांना ऱ्हस्वदीर्घावरून बोललो असेन. या यंत्रापुढे ती सारी मुले व्याकरणाचार्य ठरली असती. मुलीने चार ओळींची एक लहानशी आज्ञावली लिहून सगळ्या वेलांट्या एका दमात जागेवर बसविल्या. गंमत अशी, की शब्द दुरुस्त होताच यंत्राने काकांच्या बोलीतल्या कितीतरी शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा मारल्या. हे शब्द चूक आहेत, असे यंत्राचे म्हणणे. काकांनी चष्मा पुसून त्या रेघांकडे पाहिले आणि विचारले, “हा कोण परीक्षक?”

उरलेल्या वह्यांचे काय, या विचारात आम्ही होतो, तेव्हा काकांना आठवले की दुकानदाराने पहिल्यांदा कागदावर छापून तपासण्यासाठी काही पाने दिली होती. कपाटाच्या तळाशी ती सापडली. काही पाने गहाळ होती. परंतु बहुतेक गाणी होती. त्यांवर काकांनी निळ्या शाईने दुरुस्त्याही केलेल्या होत्या. आता आमच्याजवळ एका मजकुराच्या दोन प्रती झाल्या, आणि दोन प्रती झाल्या की भांडण आलेच. फाईलमध्ये एके ठिकाणी ‘लुगरा’ असे होते, छापील पानावर ‘लुगडे’ होते. खरे कोणते?

हा प्रश्न मरोळच्या माणसांना प्रथम पडला असे नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण केली. तेव्हा छापखाना नव्हता. एकाने पोथीवरून पोथी उतरावी, तिच्यावरून दुसऱ्याने उतरावी, असे सुमारे तीनशे वर्षे चालले. कोणाच्या हातून ओळ गळली, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला, आणि कोणी तर भक्तीच्या भरात पदरच्या ओव्या घातल्या. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या जुळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. एकनाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर कोणत्याही गळलेल्या ओवीच्या जागी तितकीच रसाळ ओवी त्यांनी सहज रचली असती. त्यांनी तसे केले नाही. उलट, या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे शेवटी बजावून ठेवले. कवी असून हात आवरणे, हे मला त्यांच्या कवित्वाइतकेच मोठे वाटते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. तेथे १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करण्याचे काम सुरू झाले आणि ते १९६६ साली संपले. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत विष्णू सीताराम सुखठणकर या कामाचे प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस पुढे भाषाशास्त्राकडे वळला, आणि गणिताची शिस्त त्याने पोथ्यांना लावली. काश्मीरची शारदा लिपी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या गोळा केल्या गेल्या. सगळ्या कामात मिळून बाराशेहून अधिक पोथ्या पाहण्यात आल्या. चौकोन आखलेल्या मोठ्या कागदावर वरती श्लोक लिहावयाचा आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षराखाली अक्षर मांडावयाचा. जेथे पोथ्यांची साक्ष एकमुखी, तेथे निर्णय सोपा. जेथे ती संशयित, तेथे संपादकाने त्यातल्या त्यात बरा पाठ निवडला. पण त्या शब्दाखाली एक नागमोडी रेघ मारली. मला येथपर्यंत खात्री आहे, येथे नाही, असे ती रेघ वाचकाला सांगते. छापील पुस्तकात असा प्रांजळपणा फारसा आढळत नाही. यंत्राची तांबडी रेघ आणि सुखठणकरांची काळी रेघ दिसायला सारखीच. पण पहिली दुसऱ्याची चूक दाखविते आणि दुसरी आपली शंका.

मी काकांना हे सांगितले, आणि आम्ही मोठ्या कागदावर चौकोन आखून बसलो. छापील पानावर ‘लुगडे’ होते, त्याच्यावर निळ्या शाईत ‘लुगरा’ केलेले होते. टंकलेखकाने ओळखीचा शब्द घातला होता, काकांनी आपला शब्द परत आणला होता. येथे शंकेला जागा नव्हती. अशा रीतीने तीन आठवड्यांत बहुतेक सर्व मजकूर उभा राहिला. अडले ते नेमके विहिरीवरच्या गाण्यापाशी. गाणे आठ ओळींचे. पहिल्या पाच ओळी एका पानाच्या शेवटी होत्या, आठवी त्याच्या पुढच्या नव्हे, तर त्याही पुढच्या पानाच्या माथ्यावर होती, आणि मधले पान नव्हते. दुकानदाराच्या यंत्राने त्या पानावर दोनच ओळी छापून बाकीचे कोरे सोडले असावे. म्हणूनच ते कोणी रद्दी समजून टाकले असेल.

सहावी आणि सातवी ओळ गेली. शेजारचे लोक मला म्हणू लागले, “मास्तर, तुम्ही मराठीचे एम.ए.; दोन ओळी लिहून टाका की. कोणाला कळणार आहे?” गाण्याची चाल मला येत होती, यमकही अवघड नव्हते. मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, “ओळ छान होईल, मास्तर. पण ती तिची नसेल.”

मग शोध सुरू झाला. आंबोलीच्या गावठाणात काकूंची एक नव्वदीची मावसबहीण होती. तिला सहावी ओळ आठवली. तीत नवरी आईचा निरोप घेते. कलिन्याला दुसरी एक वृद्धा भेटली. तिलाही सहावी ओळ आठवली. पण तिच्या ओळीत नवरी निरोप घेते तो विहिरीचा. दोघीही आपापल्या ओळीविषयी ठाम. काका दोन्ही ओळी कितीतरी वेळ गुणगुणत बसले, आणि शेवटी त्यांनी आंबोलीची ओळ वर घ्यावयाचे ठरविले, कारण ती बहीण काकूंच्याच घरात वाढलेली. कलिन्याची ओळ आम्ही पानाच्या तळाशी दिली. वरच्या ओळीखाली काकांनी स्वतः, थरथरत्या हाताने, एक नागमोडी रेघ ओढली. सातवी ओळ कोणालाच आठवली नाही. तिची जागा कोरी ठेवली.

जानेवारी २०२० मध्ये लग्नाच्या आधी बायका कळश्या घेऊन विहिरीवर निघाल्या. पुढे वाजंत्री होती. नातीने गाणे धरले, इतर बायकांनी उचलले. सातव्या ओळीपाशी सगळ्या थांबल्या. तेवढी ओळ नुसत्या वाजंत्रीवर वाजली आणि आठवीला पुन्हा गळे मिळाले.

त्या मजकुराच्या पंचवीस प्रती काकांनी छापून घेऊन घरोघरी दिल्या. नातीने प्रत्येक प्रतीत, सातव्या ओळीच्या कोऱ्या जागेशेजारी, पेन्सिलीने आपला फोन क्रमांक लिहून ठेवला आहे.